पान्याचा एक ठोका

शनिवारी सकाळी आयोनाने आईवडिलांच्या अंगणात गाडी वळवली, तेव्हा म्हातारी दिसण्याआधी तिचा आवाज ऐकू आला.

म्हातारी म्हणजे झाडांचे बुंधे दळून भुसा करणारे यंत्र. आजोबांनी ते घेतले तेव्हा आयोनाचा जन्मही झाला नव्हता. पिवळा रंग कधीच उडालेला, इंजिन दोनदा बदललेले, पुढे कमरेएवढे पोलादी चाक आणि चाकाच्या कडेने चोवीस दात. आत्ता चाक थांबलेले होते, पण इंजिन गुरगुरत होते. चाकासमोर गुडघ्यांवर बसून तिचा बाबा, लिंडसे टुलॉक, बोथटलेला दात सोडवत होता. उजवा हात कोपराच्याही वर आत गेलेला. चार पावलांवर चाक फिरवणारा दांडा धरून आई उभी होती. कानांवर आवाज अडवणारे मफ, एप्रनला पीठ.

आयोनाने गाडी बंद केली, पण ती उतरली नाही.

टण्.

चाकावरच्या पत्र्यावर पान्याचा एक ठोका. आईने दांडा जरासा ओढून सोडला. चाक वीतभर फिरून थांबले, पुढचा दात बाबाच्या समोर आला आणि बाबाचा हात पुन्हा आत गेला.

आयोनाने रोखून धरलेला श्वास सोडला.

"आली का पुस्तकवाली!" बाबा मान न वळवता ओरडला. "गाडी अशी चालवतेस जशी काय मागे अंडी ठेवलीयत."

"अंडी न्यायलाच आलेय."

"मग कमवून ने. ये, दांडा धर. तुझ्या आईचे स्कोन ओव्हनमध्ये जळतायत."

"काही जळत नाहीयेत," आई म्हणाली. तिचे नाव नोएलीन. त्रेसष्ट वर्षांची, ठेंगणी, बोलताना भुवया उडवायची. "आणि जळले तरी हा खाणारच. म्हातारीला नवे दात मिळतायत, ह्याचे कधीच गेलेत."

"नोएलीन, माझे सोळा शाबूत आहेत."

"तोंडात की कपाटातल्या डबीत?"

बाबा हसला आणि हसता हसताच त्याने पाना नटावर चढवला. आयोना गाडीतून उतरली, वाचनालयातून आणलेली पुस्तके पायरीवर ठेवली आणि दांड्याकडे न जाता दोरीवरचे कपडे काढू लागली. कपडे अजून ओले होते.

टण्. तिने डोळे मिटले. चाक फिरले. थांबले. टण्.

या सपाट मुलखात जमिनीखाली नद्यांनी आणून टाकलेले गोटे आहेत. प्रत्येक बुंध्याच्या मुळांनी दोन-चार गोटे धरून ठेवलेले असतात, आणि चाक त्यांच्यावर आदळले की दात मोडतात. शेतांच्या कडेचे उंच मॅक्रोकार्पा वृक्ष आता सगळीकडे तोडले जात आहेत, कारण पाणी शिंपडणारे लांबलचक यांत्रिक हात गोल फिरायचे तर मध्ये झाड चालत नाही. म्हणजे बुंधे पुष्कळ, गोटे पुष्कळ, आणि दात रोज बदलायचे.

दात बदलताना इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हे यंत्रावरच्या पत्र्यावर ठळक लिहिलेले आहे. पण तापलेली म्हातारी एकदा बंद केली की अर्धा तास सुरू होत नाही, आणि तिचे चाक हाताने फिरवणे जड जाते. म्हणून आजोबांनी, म्हणजे आर्ची टुलॉक यांनी, ही रीत पाडली. एकाने चाकाशी बसायचे, एकाने दांड्याशी उभे राहायचे. दात बसला, नट आवळला, की पान्याने एक ठोका. ठोका झाला की दांडा. कानांवर मफ असले, वारा असला, तरी तो ठोका हाडांत ऐकू येतो. सपाटीवरची पाच-सहा घराणी असेच करतात, आणि दांड्यावर नेहमी घरचेच माणूस असते. दांडा हातात देणे म्हणजे जीव हातात देणे, असे हे लोक अभिमानाने सांगतात. त्यांच्यात लग्नाच्या भाषणांतही ते येते.

आजोबांची दोन बोटे या रीतीनेच गेली होती. ते क्लबात दोन्ही हात वर करून ओरडत, "दहा बिअर!" आणि गल्ल्यावरचा माणूस आठच भरून द्यायचा. सगळे पोट धरून हसायचे. नदीपलीकडचा डेझ्मंड मात्र दर वेळी यंत्र बंद करायचा, किल्ली खिशात घालायचा आणि मगच चाकाला हात लावायचा. त्याला सगळे किल्लीवाली म्हणत. वाली, वाला नव्हे. त्याच्या मगात कुणी ना कुणी जुनी किल्ली टाकून ठेवायचे. तो ती ओठांनी बाजूला करून बिअर प्यायचा आणि काही बोलत नसे.

चोवीस दात झाले. आईने किल्ली फिरवली, अंगण एकदम शांत झाले. आयोनाचे खांदे खाली आले.

जेवायला गरम चीज रोल होते. बाबाने चार खाल्ले. सोमवारी ब्रॉडीच्या शेतावरची रांग सुरू करायची, एकशे दहा बुंधे, ख्रिसमसच्या आत संपवायचे, असे तो सांगत होता.

"तू का येत नाहीस दोन दिवस?" तो म्हणाला. "वाचनालय काय पळून जातंय? अख्ख्या जिल्ह्यात तुझ्यासारखा दांड्यावर हात नाही कुणाचा. आई चांगली आहे, पण तिचा वीतभर म्हणजे कधी वीत, कधी हात."

"ऐकलंस? अठरा वर्षं उभी आहे मी, आणि हे सर्टिफिकेट!"

आयोना हसली. तिच्या जिभेवर शब्द होते: बाबा, आधी बंद करत जा. इतकेच. बावीस वर्षे ते तिथेच होते. ते बोलले तर का, म्हणून विचारले जाईल. का ते सांगितले तर दुसरेही सांगावे लागेल. तिने चहाचा घोट घेतला आणि शब्द खाली गेले.

निघताना बाबाने डझनभर अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या शेजारच्या सीटवर ठेवली आणि सीटचा पट्टा त्यांना लावला. "आता पळव गाडी," तो म्हणाला. आरशात तो हातातला पाना हलवून निरोप देताना दिसला.

*

ती चौदा वर्षांची असताना, शाळेच्या सुटीत, याच अंगणात, एकोणीस दात झाले होते. टण् झाले. तिने दांडा ओढला.

तो ठोका बाबाने दिलेला नव्हता. नटावरून पाना निसटून पत्र्यावर आपटला होता.

चाक फिरले. बाबाने हात मागे खेचला. हात आला, हातमोजा आला नाही. जाड कातड्याचा तो मोजा दातांनी ओढून नेला आणि पत्र्याखालून बाहेर फेकला तेव्हा त्याच्या चिंध्या झालेल्या होत्या. बाबा मागे बसला. त्याने बोटे उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. मग तो हसला.

"पाचही आहेत," तो म्हणाला. "मला अजून दहा बिअर मागता येतील."

आयोनाला रडू फुटत नव्हते. तिचे दात वाजत होते.

"ए, इकडे बघ. तुझी काही चूक नाही. पण आईला सांगायचं नाही हं. तिला झोप लागणार नाही. शप्पथ?"

"शप्पथ."

मोजा त्याने भुशात पुरला. संध्याकाळी तो हरवला असे सांगितले, आणि आईने त्याला वेंधळा म्हणून नवा आणून दिला. आयोना आणखी चार वर्षे दांड्यावर उभी राहिली. प्रत्येक ठोक्याला तिला वाटे, हा दिलेला की पडलेला? दोन्हींचा आवाज एकच. ती हात बघायची, पत्र्याआड हात दिसायचा नाही.

अठराव्या वर्षी ती शिकायला शहरात गेली. पहिल्या सुटीत घरी आली तर दांड्याशी आई उभी. "जागा रिकामी होती, म्हटलं आपण उभं राहू," आई हसत म्हणाली. "सोपं आहे गं. ठोका झाला की ओढायचं."

त्या क्षणी सांगायला हवे होते. आयोना बॅग घेऊन घरात गेली.

*

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास वाचनालयात फोन आला. आयोना मुलांच्या कोपऱ्यात पुस्तके लावत होती. ब्रॉडीच्या बायकोचा आवाज होता, आणि मागे हेलिकॉप्टर.

सातव्या बुंध्याखाली मोठा गोटा लागला होता. तिथेच, शेताच्या कडेला, दात बदलायला घेतले होते. वायव्येचा गरम वारा सुटलेला होता. आठ दात झाले. नवव्याला ठोका झाला आणि आईने दांडा ओढला.

बाबाने हेलिकॉप्टरमध्येच प्राण सोडला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात आई एका खुर्चीवर बसली होती. एप्रनवर पिठाऐवजी भुसा होता, आणि दुसरेही. "त्याने ठोका दिला," ती म्हणाली. "मी ऐकला, आयोना. मी ऐकला."

"हो, आई."

"मग त्याने हात का नाही काढला?"

याचे उत्तर पृथ्वीवर एकाच माणसाला ठाऊक होते. ते माणूस तिच्यासमोर उभे होते, आणि भीतीने खाली वाकून तिच्या एप्रनवरचा भुसा झटकू लागले.

अंत्यविधीनंतर गावच्या सभागृहात चहा झाला. बायकांनी नेहमीप्रमाणे एकेक ताट आणले होते: सँडविच, सॉसेज रोल, लिंबाचे काप लावलेला केक. सगळे लिंडसेबद्दल चांगले बोलले. आर्चीचा मुलगा, त्याच रीतीने जगला, त्याच रीतीने गेला, असे एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या रीतीकडे कुणी बोट दाखवले नाही. बोट दाखवायला दुसरे माणूस होते.

"दांड्यावर बाई होती ना," चहाच्या भांड्याशी एक आवाज म्हणाला.

"तिचं वय झालंय. वारा होता. लक्ष नसेल."

"बिचारीला काही बोलू नका."

"मी कुठे बोलतोय? मी आपलं म्हणतोय."

डेझ्मंड कोपऱ्यात एकटा उभा होता. त्याने आयोनाकडे पाहिले, काही बोलायला तोंड उघडले आणि मिटले. त्यालाही सवय झाली होती.

आई भिंतीशी बसली होती. तिने उजवा हात मांडीखाली घालून ठेवला होता, जसा थंडीत लहान मुले ठेवतात. केकचा तुकडा तिने डाव्या हाताने उचलला. तो खाली पडला. तिने तोही डाव्याच हाताने गोळा केला.

त्यानंतर तो हात आयोनाला कधी दिसला नाही. खिशात, एप्रनखाली, मांडीखाली. आई डाव्या हाताने बटाटे सोलू लागली आणि बोटे कापून घेऊ लागली. सरकारी तपासाच्या बाई आल्या, सभ्यपणे बसल्या, सभ्यपणे विचारले. ठोका ऐकला का? ऐकला. मग काय केलंत? दांडा ओढला. आणखी काही सांगायचंय?

"चूक माझी," आई म्हणाली. "असं लिहा."

बाईंनी काहीतरी लिहिले. आयोना शेजारीच होती, हातात किटली घेऊन. किटलीची मूठ इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठला. तिने उभ्या आयुष्यात हजारो पुस्तके वाचली होती. त्यांत गप्प राहणारी माणसे आली की तिला त्यांचा राग यायचा.

*

सात आठवड्यांनी म्हातारी परत आली. तपास संपला होता, यंत्र जसे नेले तसे आणून अंगणात ठेवले गेले. दुसऱ्याच दिवशी यूअन काका आला. बाबाचा धाकटा भाऊ, दक्षिणेकडे त्याचे स्वतःचे काम होते; लांबरुंद, मोठ्याने बोलणारा, आणि आल्यापासून कुणाच्या डोळ्यांत न बघणारा.

"ब्रॉडीची रांग अर्धी पडलीय," तो म्हणाला. "लिंडसेने सुरू केलेलं काम दुसऱ्याने येऊन संपवायचं? मी असताना?"

आई स्वयंपाकघराच्या खिडकीत होती.

"दात बघतो आधी. आयोना, दांडा धर."

"मी?"

"मग कोण, मांजर? तुझा बाबा नेहमी सांगायचा, माझ्या पोरीसारखा हात नाही." त्याचा आवाज मध्येच चिरकला, त्याने खोकून तो नीट केला. "चल, पोरी. जितके दिवस जातील तितकी भीती वाढते."

आयोनाला खिडकीतली आई दिसत होती. नाही म्हटले तर काका आईला हाक मारेल, एवढेच तिच्या डोक्यात आले. ती जाऊन दांड्याशी उभी राहिली.

काकाने किल्ली फिरवली. म्हातारी खोकली, थरथरली, गुरगुरू लागली. काही मिनिटे त्याने इंजिन तापू दिले. मग तो चाकासमोर गुडघ्यांवर बसला, हात आत घातला आणि थांबला.

"अरे," तो म्हणाला.

"काय झालं?"

"हा नट अर्धाच सोडलाय. एक बोल्ट काढलेला, दुसरा दोन आटे सैल. जुना दात जागेवरच आहे." त्याने बोटाने भुसा झटकला. "नववा. लिंडसे असं अर्धं टाकणारा नव्हता. दात बसवायचा, आवळायचा, मगच ठोका."

त्याला आपण काय बोललो ते कळले नाही. तो पाना शोधू लागला.

आयोनाला कळले. काम अर्धे असताना बाबा ठोका देणार नव्हता. बाबाने ठोका दिलाच नव्हता. इतके दिवस तिला फक्त वाटत होते; आता ते चार पावलांवर, गंजायला लागलेल्या एका नटावर लिहिलेले होते. तपास करणाऱ्यांना ते वाचता आले नव्हते. दांड्यावर उभे राहिलेल्या माणसालाच ते वाचता आले असते.

काकाचा हात कोपराच्या वर आत गेला. पाना नटावर करकरला. आयोनाच्या तळहाताला घाम सुटला आणि दांडा निसरडा झाला. पत्र्याआड हात दिसत नव्हता, कधीच दिसला नव्हता. पाना पुन्हा करकरला. कुंपणावर एक मॅगपाय पक्षी ओरडला आणि तिचे काळीज इतके जोरात उडाले की हातही हलेल, असे तिला वाटले. तिने बोटे एकेक करून दांड्यावरून सोडवली. काकाचे ओठ हलत होते, तो काहीतरी पुटपुटत होता, कदाचित भावाशीच बोलत होता. हातोडी वाजली. पुन्हा पाना.

टण्.

दिलेला की पडलेला? तिला सांगता आले नाही. बावीस वर्षांपूर्वी आले नव्हते, आताही आले नाही. आईला कसे आले असते?

तिने किल्ली फिरवली आणि उपटून मुठीत धरली. म्हातारी दोन झटके देऊन गप्प झाली.

"काय केलंस!" काका ओरडला. "ठोका दिला मी! बहिरी झालीस? आता अर्धा तास ही हलायची नाही. किल्लीवाली कुठली!"

"हो. किल्लीवाली."

"अगं, ही काय थट्टा आहे?"

"यूअन काका, हात बाहेर काढ. आधी हात बाहेर काढ."

तिच्या आवाजात असे काही होते की त्याने हात काढला. तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार आपटले. या घरात इंजिन मध्येच गप्प होण्याचा आता एकच अर्थ उरला होता. आई अनवाणी धावत आली, उजवा हात एप्रनच्या खिशात, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"कुणाला लागलं? कुणाला?"

"कुणालाच नाही, आई. मी बंद केली."

आई यंत्राच्या कडेला टेकली. काका कपाळ पुसत म्हणाला, "नोएलीन, हिला घाबरायला झालंय. मी दुसरं कुणी बघतो. घरची नसली तरी ब्रॉडीची मोठी मुलगी येईल."

"कुणी येणार नाही," आयोना म्हणाली. "किल्ली माझ्याकडे राहील. शेडमध्ये पहार आहे, चाक पहारीने फिरतं. खाली ओंडका लावला की हलत नाही. डेझ्मंडला एक तास जास्त लागतो आणि त्याची दहा बोटं आहेत."

"तुझे आजोबा—"

"आजोबांच्या आठ बोटांवर आपण हसलो. मीही हसले. हसलो नसतो तर बाबा आज इथे असता." मग ती आईकडे वळली. "आई, तो ठोका बाबाने दिला नव्हता. नववा नट अर्धाच सुटलाय, काकाने आत्ता पाहिलं. पाना निसटून पत्र्यावर पडला. तू जे ऐकलंस ते कुणीही ऐकलं असतं. कुणीही दांडा ओढला असता."

काकाने चाकाकडे पाहिले. मग टोपी काढून हातात धरली.

आईने वाकून तो नट पाहिला. "तुला कसं ठाऊक," तिने विचारले, "की पाना पडला तरी तसाच आवाज होतो?"

"माझ्या वेळी पडला होता. मी चौदा वर्षांची होते. बाबाचा हातमोजा गेला. तू नवा आणून दिला होतास."

"हरवला म्हणाला होता."

"हरवला नव्हता."

वारा पडला होता. दूर कुठेतरी पाणी शिंपडणाऱ्या लांब हाताची टिकटिक ऐकू येत होती. आईने एप्रनच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला. सात आठवड्यांत तो पांढरा पडला होता. तिने तो किल्लीसाठी पुढे केला आणि आयोनाच्या डोळ्यांत पाहत राहिली.

"म्हणजे मी पहिल्यांदा दांड्याशी उभी राहिले, त्या दिवशी तुला हे ठाऊक होतं?"

आयोनाने किल्ली त्या तळहातावर ठेवली.

"हो, आई," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं."